शून्य विभवाच्या जागी

आज बारावीच्या तासाला मागच्या बाकावरच्या त्या मुलीने विचारले, "मॅडम, तिथे विभव शून्य आहे, तर धन प्रभार तिथून हलतो कशाला?" फळ्यावर मी अधिक एक आणि उणे एक नॅनोकूलोमचे प्रभार एकमेकांपासून 20 सेंटिमीटरवर काढले होते, मधोमध एकाचे विभव (म्हणजे एकक धन प्रभारामागची स्थितिज ऊर्जा) 90 आणि दुसऱ्याचे उणे 90 व्होल्ट मिळून शून्य होतात, हे लिहून खाली दुहेरी रेघही मारली होती. मी म्हणाले, "विभव वेगळे, विद्युत क्षेत्र वेगळे, सूत्रे नीट पाहा." ती मुकाट्याने खाली बसली. ते मुकाट्याने बसणे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

19 वर्षे हा धडा शिकवते आहे. पाठांतर करू नका, असे दरवर्षी बजावणारी मी स्वतः मात्र एका पाठ वाक्यावर इतकी वर्षे भागवत आले. अभ्यासक्रम संपवण्याची घाई, साठ मुले, घरचे ते सगळे... पण त्याचे रडगाणे आज नको. प्रश्न सोपा होता आणि मी तो झटकला, एवढेच खरे.

रात्री ओटा पुसताना कोकणातला किनारा आठवला. पाण्याच्या रेषेपाशी उंची शून्य धरावी, तरी तिथे ठेवलेला चेंडू पाण्याकडे घरंगळतोच, कारण त्याला उतार कळतो, आपण धरलेले शून्य कळत नाही. मग कागद घेऊन बसले. ऋण प्रभाराच्या 5 सेंटिमीटर जवळ गेले की विभव उणे 120 व्होल्ट भरते; म्हणजे मध्यबिंदूवर उतार आहे, आणि तोही नेमका तिथे 1800 व्होल्ट प्रतिमीटर. विभवाचा हा उतार म्हणजेच प्रभाराला ढकलणारे विद्युत क्षेत्र. शून्याचा अर्थ फक्त इतकाच, की अनंत अंतरावरून तिथवर प्रभार आणायला एकूण काही खर्च होत नाही. लंबदुभाजकावरून, म्हणजे दोन्ही प्रभारांना जोडणाऱ्या रेषेला मधोमध काटकोनात छेदणाऱ्या रेषेवरून, आणला तर बल सतत वाटेला काटकोनात राहते, त्यामुळे वाटेत कुठेच कार्य करावे लागत नाही. हे मी इतक्या वर्षांत एकदाही फळ्यावर काढून दाखवले नव्हते.

आणि त्याच उणे 120 व्होल्टच्या जागी प्रोटॉनची स्थितिज ऊर्जा उणे 120 इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर इलेक्ट्रॉनची अधिक 120. विभव त्या जागेचे असते, पण ऊर्जा ठरते तिथे कोण आले आहे त्यावर; म्हणून एकाला जो उतार वाटतो, तोच दुसऱ्याला चढ. मुले याच ठिकाणी चुकतात आणि मी गुण कापते, याचे आता थोडे हसूही येते आहे.

भौतिकशास्त्राचा पुढचा तास परवा आहे. तोवर तिने वहीत "सूत्रे नीट पाहा" असे लिहून भोवती चौकट आखली असेल. माझी कॉलेजची वही आताच माळ्यावरून काढून पाहिली. सरांचे तेच वाक्य आहे, चौकटीसकट, आणि चौकट लाल शाईची.