तुम्ही विचारलंत म्हणून: कालव्यातला स्ट्राइप्ड बास

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून आय-५ महामार्गाने लॉस एंजेलिसकडे निघालेली मराठी मंडळी हमखास विचारतात, रस्त्यालगतच्या त्या सिमेंटच्या कालव्यावर लोक गळ टाकून बसलेले दिसतात, त्यांना खरंच काही मिळतं का? आणि शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

मिळतं, आणि चांगलं मिळतं. तो कालवा म्हणजे कॅलिफोर्निया अ‍ॅक्वेडक्ट. उत्तरेकडचं पाणी दक्षिणेला नेणारा, ७०० किलोमीटरहून लांब. त्यातला मानाचा मासा स्ट्राइप्ड बास, डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा असलेला. मुळात हा अटलांटिकचा. १८७९ मध्ये न्यू जर्सीहून रेल्वेने आणून मार्टिनेझजवळ सोडला आणि इथलाच झाला. आपला जिताडा अंडी घालायला गोड्या पाण्यातून खाडीकडे उतरतो, हा उलट खाडीतून नदीत चढतो. याची अंडी तळाला चिकटत नाहीत, प्रवाहाबरोबर वाहत जातात. डेल्टामधले, म्हणजे सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या मुखाकडचे, प्रचंड पंप पाणी ओढतात तेव्हा मोठे मासे पंपांआधीच्या जाळीवजा पट्ट्यांपाशी वळवले जातात, पण अंडी आणि बारीक पिल्लं निसटून कालव्यात येतात. पुढचं आयुष्य तिथेच. याच कालव्यावरच्या ओ'नील फोरबे तलावात १९९२ साली साडेसदुसष्ट पौंडांचा बास निघाला होता. एरवी दोन ते पाच पौंडांचे गृहीत धरा.

नवशिक्याची फसगत होते ती कालवा सगळीकडे सारखाच दिसतो म्हणून. तळ साधारण ४० फूट रुंद, पाणी ३० फुटांच्या आसपास खोल, दोन्ही बाजूंना काँक्रीटचं उतरतं अस्तर. ना खडक, ना झाड. गाडी लावायला सोयीचं म्हणून कुठेही बसलात तर दिवसभर पाणीच बघाल. जिथे प्रवाहाची एकसारखी चाल मोडते तिथे मासा असतो: पुलाच्या खांबामागचं संथ पाणी, वळणाची आतली बाजू, शेताकडे पाणी काढून घेणारी तोंडं, सायफनमधून पाणी पुन्हा वर येतं ती जागा, आणि वक्राकार दरवाज्यांच्या खालचा खळबळाट. दरवाजे आणि पंपघरांच्या लगत मनाईच्या पाट्या असतात, त्यांच्या बाहेरच थांबायचं. बास वेगवान पाण्यात उभा राहत नाही. वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे शॅड मासे टिपतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पहाट आणि संध्याकाळ सगळ्यांना ठाऊक असते, प्रवाहाकडे मात्र कोणी बघत नाही. पंप विजेच्या दराप्रमाणे आणि मागणीप्रमाणे चालू-बंद होतात, त्यामुळे सकाळी तुंबलेलं पाणी दुपारी धावत असू शकतं. काडी टाका आणि तिच्याबरोबर काठाने चाला. काडी जागची हलत नसेल तर आमिष टाकून बसण्यात अर्थ नाही, चालत राहून कृत्रिम मासा फेका. काडी रमतगमत चालण्याच्या वेगाने जात असेल तर तीच उत्तम वेळ. वसंत आणि शरद हे खरे हंगाम. मात्र शरद सरता सरता वाऱ्याने टंबलवीडची झुडपं कालव्यात येऊन पडतात आणि लाइन त्यांत अडकते.

आमिषाची जुळणी साधी आहे. सात-आठ फुटी मध्यम ताकदीचा रॉड, १५ पौंडी लाइन. लाइनमध्ये आधी सरकतं शिसं, मग एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी). स्विव्हलला दीड-दोन फूट लीडर, म्हणजे लाइनचा शेवटचा वेगळा तुकडा, आणि २/० नंबरचा गळ. शिसं सरकतं हवं, म्हणजे मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. गाठीवर बसणारा शिशाचा मार मणी खातो. शिशाचा आकार मात्र नीट निवडा. अंड्यासारखं गोल शिसं अस्तरावरून घरंगळतं आणि प्रवाह ते फिरवून तुमच्याच काठाला आणून टाकतो. पिरॅमिड वाळूत रुततं, काँक्रीटवर त्याचा उपयोग नाही. चपटं शिसं घ्या. एक औंसापासून सुरुवात करा आणि ते टिकत नसेल तरच वाढवा. आमिषाला गोठवलेली अँचोव्ही तिरकी अर्धी कापून लावा आणि लवचिक दोऱ्याने पाच-सहा वेढे द्या. वेढे नसतील तर मऊ झालेली अँचोव्ही फेकतानाच सुटते आणि तुम्ही तासभर रिकाम्या गळावर डोळे लावून बसता.

आम्हाला विचाराल तर शिकायला कृत्रिम आमिष बरं, कारण त्याने कालवा कळतो. चार-पाच इंची पांढरा फ्लूक, म्हणजे मऊ नकली मासा, पाव ते अर्धा औंसाच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर). प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरका फेका, बुडू द्या, मग पाण्यापेक्षा किंचितच वेगाने ओढा. पाण्याच्या उलट ओढलेलं आमिष त्याला खोटं वाटतं. दुसरी फेक काठाला समांतर करा, अस्तरापासून हातभर अंतरावर. मासा बऱ्याचदा मधल्या पाण्यात नाही, तुमच्या पायाखालीच असतो. आमिष उतारावरून वर चढतं तेव्हा तो मागोमाग येतो आणि शेवटच्या दोन मीटरांत झडप घालतो. बरेच जण नेमकं तेव्हाच घाईने उचलून घेतात. हिवाळ्यात ओढताना मध्येच पाच-दहा सेकंद थांबा.

ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, हाताने चाचपून नका ठरवू. लाइनचं टोक वजनकाट्याला बांधून ओढा. १५ पौंडी लाइनला साधारण ४ पौंडांवर रीलने लाइन सोडायला लागलं पाहिजे. घट्ट ठेवलात तर पहिल्याच धावेत गाठ सुटते.

मासा काठाशी आला की खरा धोका असतो, आणि तो माशाला नाही, तुम्हाला. पाण्यालगतचं अस्तर शेवाळाने साबणासारखं निसरडं असतं. पाय घसरला तर त्या उतारावर बोट अडकवायला जागा नाही, आणि वर दिसते त्यापेक्षा पाण्याची आतली ओढ जास्त असते. म्हणून ओल्या भागावर उतरायचंच नाही. आठ-दहा फुटी दांड्याचं जाळं आणा. ते नसेल तर मासा दमल्यावर रॉड खाली धरून काठावर मागे चालत जा आणि त्याला ओल्या उतारावरून घसरत वर घ्या. बसायच्या आधी आसपासची लोखंडी शिडी कुठे आहे ते पाहून ठेवा. पोहायला सक्त बंदी आहे. लहान मुलं सोबत असतील तर लाइफ जॅकेट घालूनच आणा. रात्री एकट्याने जाऊ नका.

१६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, दोन रॉड लावायचे तर त्याचा वेगळा शुल्क-परवाना. माशांची संख्या आणि किमान लांबी कालव्याच्या उत्तर आणि दक्षिण भागांत सारखी नाही, तेव्हा त्या वर्षीचं राज्याचं नियमपुस्तक जिल्ह्यानुसार बघा.

खायचा असेल तर लगेच कल्ल्याखाली चिरून रक्त काढा आणि बर्फात ठेवा. कातडीखालची लालसर पट्टी काढून टाकली की उग्र वास जातो, आणि मग तो तळायला सुरमईइतका नाही तरी बऱ्यापैकी घट्ट लागतो. पण या माशात पारा साठतो, मोठ्यात जास्त. गरोदर बायका आणि मुलांच्या ताटात वाढण्याआधी राज्याच्या आरोग्य खात्याची सूचना वाचा.

घरी निघताना जाळं आणि बूट झटका, बादलीतलं पाणी तिथेच जमिनीवर ओता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डेल्टात आणि ओ'नील फोरबेत गोल्डन मसल हा परका शिंपला सापडला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या सामानावर बसून दुसऱ्या तलावात जातात. त्यामुळे पुढच्या खेपेला निराळ्या पाण्यावर जाणार असाल तर सामान पूर्ण वाळल्याशिवाय नेऊ नका.