चिप बसवली आणि गाडी चालूच होईना: कुठून सुरुवात करायची

ऊस हंगाम तोंडावर आला की पिकअप आणि ट्रकवाल्यांत इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या चिपची चर्चा सुरू होते. गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट भरल्या गाडीने चढायचा तर थोडी ताकद जास्त हवी, हे कुणालाही पटतं. चिप बसते, चावी फिरते आणि गाडी गप. मग दोघांवर आळ येतो: चिप खराब निघाली, नाहीतर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडाला. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोष तिसरीकडेच असतो, चिप बसवताना जिथे जिथे हात लागला तिथे. सैल राहिलेलं बॅटरी टर्मिनल, अर्धवट बसलेला कपलर (वायरी जोडणारा प्लग), रंगावर घट्ट केलेली अर्थची वायर, उडालेला फ्यूज. म्हणून ईसीएम खोलायच्या गोष्टी सगळ्यात शेवटी.

आधी आपल्या गाडीत नेमकं काय बसवलंय ते ओळखा, कारण 'चिप' या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजिनाच्या रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये मधेच जोडायचा डबा. दुसरी म्हणजे रिमॅप. यात वस्तू काहीच बसत नाही, ईसीएममधली फाइलच बदलतात. तिसरी म्हणजे ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतल्या स्कॅनर जोडायच्या खाचेत) खोचायची, दिवे लुकलुकणारी डबी. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांत दिव्यांपलीकडे कामाचं काही नसतं. तिन्हींचे आजार वेगळे, उपायही वेगळे. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. तिथे चिप विकणारा सरळ फसवतोय.

मल्टिमीटर नसेल तर घ्या, नाहीतर ओळखीच्या वायरमनचा आणा. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ (स्टार्टर) मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकला हेच आकडे दुप्पट धरा: उभ्या गाडीत २५.२, सेल्फवर १९ च्या वर. चिप बसवताना इग्निशन तासभर चालू राहतं, बॉनेट उघडं, केबिनचा दिवा चालू, आणि मग गाडी चालू होत नाही म्हणून दहा वेळा सेल्फ. तेवढ्यात बॅटरी बसते. सेल्फ फिरतो तर आहे, पण व्होल्टेज इतकं पडतं की ईसीएम मधेच रीसेट होतो, आणि इंजिन पकडत नाही म्हणून सगळे चिपला शिव्या घालत बसतात. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन वेळांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबा.

बॅटरी ठीक असेल तर आता चावी फक्त इग्निशनवर आणा, सेल्फ मारू नका, आणि डॅशबोर्डवरच्या मीटरकडे बघा. चेक इंजिनचा दिवा लागतो का? या एका दिव्यावरून निम्मं निदान होतं. दिवा लागला तर ईसीएमला करंट पोहोचतोय आणि तो जिवंत आहे. दिवा लागतच नसेल आणि स्कॅनरही (ईसीएममधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) जोडला जात नसेल, तर ईसीएमचा फ्यूज, मेन रिले (ईसीएमला करंट सोडणारा विजेचा खटका) आणि अर्थ बघा. फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका, दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. मेन रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट हवा आणि रिले ओढला गेला की ८७ वर तोच यायला हवा. चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) अडवतोय. दुसऱ्या चावीने एकदा करून बघा.

सेल्फ फिरतच नसेल, नुसता खट्ट आवाज होत असेल, तर चिपचा संबंध जवळजवळ नाही. टर्मिनल साफ करा आणि इंजिन ते चॅसिसची अर्थ पट्टी तपासा. एक युक्ती सोपी आहे: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, आणि गाडीत रेल सेन्सरचा डबा आहे, ही सगळ्यात जास्त आढळणारी अवस्था. उपाय पहिल्या दहा मिनिटांतला: बॅटरीची मायनस काढा, डबा वायरिंगमधून पूर्ण बाहेर काढा आणि कंपनीचा कपलर थेट सेन्सरवर बसवा. नुसता डब्याचा खटका बंद करून चालत नाही, कारण सिग्नल तरीही डब्यातूनच जातो. कपलर बसवताना टिच्चकन आवाज आला पाहिजे. बसवण्याआधी आत डोकावून बघा: वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन, ओल. इंजिन पाण्याच्या प्रेशरने धुऊन लगेच चिप बसवली असेल तर ओल हमखास. उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही बघा. डबा बसवताना तीच वायर ओढली जाते आणि पूर्ण तुटते.

असं का होतं ते समजलं तर पुढचं सोपं जातं. या सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. इंजिन बंद, इग्निशन चालू अशा वेळी सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट असतो. डबा हा सिग्नल खऱ्यापेक्षा कमी करून ईसीएमला दाखवतो. ईसीएमला वाटतं प्रेशर कमी आहे, म्हणून तो ते वाढवतो आणि जास्त डिझेल जातं. बहुतेक कॉमन रेल इंजिनांत सेल्फ मारताना रेलमध्ये २०० ते २५० बारच्या आसपास प्रेशर दिसल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) उघडतच नाही. डबा ताकदीच्या सगळ्यात वरच्या नंबरवर लावलेला असेल तर खरं प्रेशर पुरेसं असूनही ईसीएमला ते कमी दिसतं आणि तो वाट बघत बसतो. नव्या गाडीत हे लक्षात येत नाही. पण पंप थकलेला किंवा इंजेक्टर मागे डिझेल सोडणारे असतील, तर गाडी आधीच काठावर चालू होत असते. डब्याने फक्त धक्का दिला.

आता स्कॅनर. पी ०१९०, ०१९२ किंवा ०१९३ आला तर रेल सेन्सरची वायर, कपलर किंवा डबा. पी ००८७ म्हणजे प्रेशर कमी. पी ०६४१ आला, किंवा एकदम चार-पाच वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आले, तर ते सगळे सेन्सर एकाच वेळी मेलेले नाहीत. ५ व्होल्टची लाइन कुठेतरी अर्थला लागली आहे, आणि ती बहुधा डब्याच्या चुकीच्या जोडणीत. डबा काढला की कोड पुसा आणि परत वाचा. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सर. बसवणाऱ्याने चुकून तो कपलर हलवला का ते बघा.

डबा काढूनही प्रेशर बनत नसेल तर रेलच्या टोकाला असलेली प्रेशर लिमिटिंग झडप बघा, तुमच्या इंजिनाला ती असेल तर. डब्यामुळे प्रेशर हद्दीबाहेर गेलं की ही झडप उघडते, आणि एकदा उघडलेली झडप नंतर नीट बसेलच असं नाही. तिचा परतीचा पाइप काढून तोंडाला बाटली लावा आणि सेल्फ मारा. डिझेल येऊ लागलं तर झडप गेली. चिप काढली तरी गाडी चालू होईना, याचं हे खरं कारण कैक वेळा सापडत नाही, आणि विनाकारण पंप उतरवला जातो. झडप ठीक असेल तर चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला एकसारख्या बाटल्या लावून कोण जास्त डिझेल सोडतोय ते बघा.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. जुन्या गाडीत हवा काढायला इंजेक्टरचे नट सैल करायची सवय असते. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना प्रेशर हजार-दीड हजार बारच्या वर जाऊ शकतं. एवढ्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमवायची वेळ येते. हवा काढायची तर फिल्टरवरच्या हातपंपाने, तो कडक होईपर्यंत. हिटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारू नका.

रिमॅपची गोष्ट वेगळी. फाइल लिहिताना व्होल्टेज पडलं, केबल हलली किंवा लॅपटॉप बंद झाला, तर ईसीएममधला प्रोग्राम अर्धवट राहतो. चेक लाइट लागत नाही, स्कॅनर जोडला जात नाही, काही गाड्यांत पंखा एकसारखा जोरात फिरतो. अशा वेळी चावी काढू नका. बॅटरीला १३.५ व्होल्टच्या आसपास स्थिर देणारा सप्लाय लावा, आणि ज्या टूलने काम झालं त्याच टूलने मूळ फाइल परत लिहायला सांगा. दुसऱ्याचं टूल लावलं की गुंता वाढतो. तरीही जमलं नाही तर ईसीएम काढून टेबलवर बूट मोडमध्ये (सरळ त्याच्या आतल्या चिपशी जोडून) लिहावा लागतो. हे येणारे लोक थोडे, पण ईसीएम बहुतेक वेळा वाचतो. भंगारातला दुसरा ईसीएम आणून लावायचा सल्ला ऐकू नका, इमोबिलायझर जुळत नाही आणि गाडी तिथेच राहते. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर हातात पडल्याशिवाय रिमॅपचे पैसे देऊ नयेत, हे माझं ठाम मत.

ओबीडीतली डबी असेल तर उपटून टाका. काही डब्या गाडीतली कॅन लाइन (सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) झोपू देत नाहीत आणि रात्रीत बॅटरी उतरते. शंका असेल तर बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा: साधारण ६० हवेत. १२० आले तर लाइन एका बाजूला तुटली आहे. गेटवे (सॉकेट आणि कॅन लाइनच्या मधे बसणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांत मात्र हा आकडा वेगळा येऊ शकतो.

मोठ्या ट्रकमध्ये आणखी एक भानगड. टेपसाठी जसा एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात, तसाच डब्याचा करंटही काढलेला असतो. एक बॅटरी कायम उतरलेली, दुसरी जास्त चार्ज, आणि काही दिवसांनी सेल्फ मरतुकडा. १२ व्होल्टचा डबा थेट २४ वर जोडला असेल तर तो जळालेलाच समजा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये परवानगीशिवाय गाडीत बदल करायला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीचा दावा नाकारला जातो तो वेगळाच.

डबा कायमचा काढायचा ठरवलात तर त्याची अर्थ आणि करंटची वायर मुळापासून काढा, नुसती टेप गुंडाळून लोंबती ठेवू नका. मूळ वायरला जिथे टोचून जोड घेतला होता तिथे सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा. कपलरच्या रबरी सीलवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, वायर सिलेन्सरपासून लांब जुन्याच क्लिपांत बसवा, बॅटरीची मायनस सगळ्यात शेवटी जोडा.