बॅटरला वेळ द्या, क्लोजरवर जीव लावू नका

सीझन सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की आमच्या फॅन्टसी बेसबॉल लीगच्या (खऱ्या खेळाडूंची टीम निवडायची, त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर आपले गुण) ग्रुपवर तेच रडगाणं चालू होतं, "अरे माझा पहिल्या राउंडचा माणूस .१९० मारतोय, काढू का?" .१९० म्हणजे हजारात १९० वेळाच बॉल मारून सुखरूप बेस गाठला (त्याला हिट म्हणतात), ॲव्हरेज ते हेच. लीग म्हणजे न्यू जर्सीतल्या ऑफिसातले काही गोरे, एडिसनकडची आपली मंडळी आणि पुण्याला परत गेलेला पण बेसबॉल न सुटलेला एक मित्र. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो. उदाहरणं मुद्दाम २०२४ आणि २०२५ ची घेतलीयेत, कारण त्या लोकांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, चालू आठवड्यातल्या नावांवर छातीठोक बोलणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत.

ड्रीम इलेव्हनवरून इकडे आलेल्यांसाठी आधी थोडं. तिकडे मॅच संपली की टीम संपली. इथे मार्चमध्ये ड्राफ्ट केलेली (म्हणजे राउंडमागून राउंड आळीपाळीने निवडलेली) टीम सप्टेंबरअखेरपर्यंत सांभाळायची, एकेक खरी टीम १६२ मॅच खेळते म्हणजे जवळपास रोजच मॅच, आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच मालकाचा, तुम्ही सोडला की तो वेव्हरवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीत, जातो आणि टपून बसलेला दुसरा कुणीतरी उचलतो. नेहमीचा हिशोब फाइव्ह-बाय-फाइव्ह, बॅटिंगला रन, होमरन (आपल्या षटकारासारखा), आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन), स्टील (पळून पुढचा बेस चोरणं) आणि ॲव्हरेज, पिचिंगला (तिकडची बोलिंग) विन, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी टिकवणं, हे काम करणारा तो क्लोजर), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर आलेले रन, कमी तितका चांगला) आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक; वॉक म्हणजे चार चुकीच्या बॉलवर फुकट मिळालेला बेस). १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंटने हे सुरू केलं, मंडळी न्यूयॉर्कच्या ला रोटिसरी फ्रान्सेझ नावाच्या रेस्टॉरंटात जमायची, म्हणून अजून या प्रकाराला रोटो म्हणतात.

आता मुद्द्याचं. माझं सरळ मत आहे की बॅटर आणि पिचरला एकाच मापाने मोजायचं नाही. बॅटरला वेळ द्यायचा, भरपूर द्यायचा. २०२४ चा ॲरन जज आठवा, एप्रिल संपताना ॲव्हरेज दोनशेच्या (म्हणजे .२००) आसपास, यांकी स्टेडियममध्ये घरच्याच लोकांनी हुर्यो केली, आणि सीझन संपला तेव्हा .३२२, ५८ होमरन, १४४ आरबीआय आणि एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी लिंडोर मेच्या मध्यात दोनशेच्या खाली होता, मेट्सनी त्याला लीडऑफला, म्हणजे पहिल्या नंबरवर, आणलं आणि गडी ३३ होमरन, २९ स्टीलवर जाऊन थांबला. मग २०२५ मध्ये सोटो. ७६५ मिलियनचा करार करून मेट्सकडे आला, मे संपेपर्यंत होमरन दहाच्या आत, न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्याच्या देहबोलीवर तासन्‌तास चर्चा, आणि जूनमध्ये एकदम प्लेअर ऑफ द मंथ. शेवटी ४३ होमरन, आणि ज्याच्याकडून कुणी स्टीलची अपेक्षाच केली नव्हती त्याने ३८ स्टील केले.

आता तुम्ही म्हणाल हे सुपरस्टार आहेत, त्यांना कोण काढतंय. बरोबर, पण ट्रेडमध्ये कवडीमोलाने देणारे असतात ना. आणि ट्रेव्हर स्टोरीला तर लोकांनी खरंच सोडलं होतं, २०२५ च्या मेमध्ये त्याला बॉलच दिसत नव्हता, ज्यांनी जूनमध्ये वेव्हरवरून उचलला त्यांना पूर्ण सीझनचे २५ होमरन आणि ३१ स्टील यातला मोठा वाटा फुकट मिळाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, दुसरं काय.

मग थांबायचं की नाही हे ठरवायचं कशावरून? ॲव्हरेजवरून नाही, हे पहिलं. क्रिकेटमध्ये कसं, कडक कट मारला आणि नेमका पॉइंटवाल्याच्या हातात गेला तर आपण म्हणतो शॉट चांगला होता, नशीब वाईट. बेसबॉलमध्ये हे नशीब मोजायची सोय आहे. बॉल मैदानात खेळला गेला तर किती वेळा हिट होतो त्याला बॅबिप म्हणतात, लीगचा आकडा .३०० च्या जरासा खाली असतो. तुमचा माणूस .२१० वर असेल आणि तरी बॉल कडक मारत असेल तर गप्प बसा. कडक म्हणजे बॅटवरून ताशी ९५ मैल किंवा जास्त वेगाने सुटलेला, बेसबॉल सॅव्हंटच्या साइटवर प्रत्येकाचं पान फुकट बघता येतं, लाल गोळे चांगले, निळे वाईट, एवढं कळलं तरी पुरे. त्याबरोबर स्ट्राइकआउट बघा. साठेक वेळा प्लेटवर आला की स्ट्राइकआउटचं प्रमाण बऱ्यापैकी खरं बोलायला लागतं, ॲव्हरेजला अख्खा सीझनसुद्धा अपुरा पडतो. बॉल कडक जातोय आणि स्ट्राइकआउट नेहमीइतकेच आहेत तर होल्ड. बॉल पण मऊ आणि स्ट्राइकआउट पण वाढलेत तर दुखापत लपवतोय का ते शोधा, आणि तिशी उलटलेली असेल तर मी फार दिवस वाट बघत नाही.

उलट दिशेने पण हेच. २९ मार्च २०२५ ला यांकीजनी ब्रुअर्सविरुद्ध एका मॅचमध्ये ९ होमरन मारले आणि अचानक सगळ्या जगाला टॉर्पेडो बॅटचा (मधे जाड, टोकाला निमुळती) शोध लागला, ती बॅट कोण वापरतो याच्या याद्या फिरायला लागल्या आणि लोक त्या याद्या बघून पिकअप करायला लागले. त्याच मॅचमध्ये जजने ३ मारले, साध्या बॅटने. असो.

कब्जच्या पीट क्रो-आर्मस्ट्राँगवर जरा जास्त लिहितो कारण यावरून ग्रुपवर भांडण झालंय. २०२५ च्या ऑल-स्टार ब्रेकपर्यंत (जुलैच्या मध्यातली सुट्टी) २५ होमरन आणि २७ स्टील, लोक त्याला एमव्हीपी म्हणत होते. पण गडी वॉक घेत नाही, बाहेरचा, खालचा, कुठलाही बॉल मारायला जातो. अशा बॅटरचं जोवर जुळतंय तोवर जुळतंय, एकदा पिचर लोकांनी स्ट्राइक टाकणंच बंद केलं की संपलं. ब्रेकनंतर होमरन ६. शेवटचा हिशोब ३१ होमरन, ३५ स्टील, म्हणजे तक्रार करायला जागा नाही, पण जुलैमध्ये जो भाव मिळत होता तो ऑगस्टमध्ये अर्धा पण नव्हता. असा माणूस ड्रॉप करायचा नाही, विकायचा. आमच्या लीगमध्ये त्याचा मालक शिकागोचा, कब्जचा भक्त, तो विकणार नव्हताच, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला मान्य आहे.

पिचरचं गणित वेगळं. इथे मी निर्दयी आहे. वेग कमी झाला, वॉक वाढले, आणि बातमीत फोरआर्म टाइटनेस (कोपराखालचा हात आखडणं) आलं, या तिन्हीपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर नाव कितीही मोठं असो, मी मायेत पडत नाही. २०२५ चा रोकी सासाकी घ्या. जपानमध्ये शंभर मैलांच्या वर टाकणारा, डॉजर्सकडे आला, ड्राफ्टमध्ये लोकांनी उड्या टाकल्या. आठ स्टार्टमध्ये (मॅचची सुरुवात करणारा पिचर म्हणून) स्ट्राइकआउट २४ आणि वॉक २२, ईआरए ४.७२, वेग पण जपानसारखा नाही. मेमध्ये खांद्यासाठी आयएलवर (जखमींच्या यादीत) गेला आणि फॅन्टसीचा सीझन त्याच्याशिवायच संपायला आला. नंतर पोस्टसीझनमध्ये क्लोजर म्हणून त्याने कमाल केली, पण तोपर्यंत आपल्या लीगची ट्रॉफी कुणाच्या तरी घरी गेलेली असते.

आता याची दुसरी बाजू क्रिस सेल. २०२३ चा ईआरए ४.३०, त्याआधीची वर्षं दुखापतीत गेलेली, म्हणून ड्राफ्टमध्ये लोक नाक मुरडत होते. पण त्याच २०२३ मध्ये १०२ इनिंग्जच्या आसपास १२५ स्ट्राइकआउट होते. हात शाबूत होता, फक्त ईआरए बघून कळत नव्हतं. २०२४ मध्ये ब्रेव्ह्जकडून १८ विन, ३ हार, ईआरए २.३८, २२५ स्ट्राइकआउट आणि साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. म्हणून मी पिचरचा ईआरए शेवटी बघतो, आधी स्ट्राइकआउट वजा वॉक.

क्लोजर. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे जाळतात. एमेन्युएल क्लासेने २०२४ मध्ये ४७ सेव्ह केले, ईआरए ०.६१, यापेक्षा पक्का माणूस कोण असणार? २०२५ च्या जुलैअखेर लीगने बेटिंगच्या चौकशीत त्याला रजेवर पाठवलं आणि एका दिवसात सेव्ह केड स्मिथकडे गेले. डेव्हिन विल्यम्स यांकीजकडे आला, एप्रिलमध्येच ईआरए दहाच्या वर, जागा ल्यूक वीव्हरकडे. त्यामुळे माझी पद्धत अशी की ड्राफ्टमध्ये एकच बरा क्लोजर घ्यायचा आणि बाकी सीझनभर आठव्या इनिंगला (म्हणजे क्लोजरच्या नवव्याआधी) कोण येतंय ते बघत राहायचं, जो माणूस आठवी टाकतो आणि इनिंगमागे एकापेक्षा जास्त स्ट्राइकआउट करतो त्याला आधीच बेंचवर ठेवायचं. क्लोजर बदलल्याची बातमी आल्यावर बोली लावायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं, तोवर भाव चढलेला असतो. विल्यम्सला मात्र मी ड्रॉप करा म्हटलं नसतं, कारण स्ट्राइकआउट चालूच होते, सीझनअखेर ६२ इनिंग्जमध्ये ९० झाले आणि सेव्ह पण १८ मिळाले.

स्टीलचं जुनं ज्ञान विसरा. २०२३ मध्ये नियम बदलले, बेस १५ इंचांचे १८ झाले, पिच क्लॉक (बॉल टाकायला ठरावीक सेकंद) आलं, आणि पिचरने रनरला रोखायला दोनपेक्षा जास्त वेळा टाकायच्या जागेवरून पाय काढला तर पंचाईत. २०२२ ला लीगमध्ये २४८६ स्टील होते, २०२३ ला ३५०३. म्हणजे वीस स्टीलवाला पूर्वी सोनं होता, आता तो कोपऱ्यावर मिळतो, त्यासाठी आउटफिल्डमध्ये दुसरं काहीच न करणारा पळपुट्या ठेवू नका. जॉश नेलर बघा, पहिल्या बेसवरचा जाडजूड गडी, पळण्याच्या वेगात लीगच्या अगदी तळाशी, आणि २०२५ मध्ये ३० स्टील! पिचरचं लक्ष नाही हे बघून आरामात निघतो. मला तो बघायला फार आवडतो.

नवीन पोरं. इथे उत्तर सोपं नाही आणि मी सोपं आहे असं सांगणार पण नाही. जॅक्सन हॉलिडे २०२४ च्या एप्रिलमध्ये आला, ३४ मध्ये २ हिट, परत मायनरला (खालच्या दर्जाच्या लीगमध्ये). त्याच वर्षी चोरियो पण जूनपर्यंत रडत होता, आणि शेवटी २१ होमरन, २२ स्टील. फरक कुठे होता? चोरियोला ब्रुअर्सनी पदार्पणाआधीच ८ वर्षांचा ८२ मिलियनचा करार दिला होता, ते त्याला खेळवणारच होते. पोरगा वाईट खेळतोय यापेक्षा टीम त्याला रोज खेळवणार का, हे आधी बघा. निक कर्ट्झ २०२५ मध्ये ए'जकडे (ॲथलेटिक्स टीम) आला, सुरुवातीला नुसते स्ट्राइकआउट, मग जुलैत ह्यूस्टनला एका मॅचमध्ये ६ पैकी ६ हिट आणि ४ होमरन, वर्षअखेर ३६. ए'ज तेव्हा सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या पार्कात खेळत होते, तिथे बॉल मस्त उडतो, तेही लक्षात घ्या. तसंच तिथे किंवा डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर स्टार्ट असलेला पिचर एका दिवसासाठी उचलू नका, कितीही मोह झाला तरी.

आयएलची जागा रिकामी ठेवणारे लोक मला कळत नाहीत. अकुन्याचा गुडघा मे २०२४ मध्ये गेला, मे २०२५ मध्ये तो परत आला आणि आल्याआल्या पहिल्याच पिचवर होमरन. ज्याने त्याला उशिरा ड्राफ्ट करून आयएलवर ठेवला त्याचं एका पैशाचं नुकसान झालं नाही. टॉमी जॉन (कोपराचं मोठं ऑपरेशन) झालेला पिचर मात्र एक वर्षाच्या लीगमध्ये लगेच सोडा, कीपर (खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतो अशी लीग) असेल तरच ठेवा.

आणि जागा करायचीच झाली तर आधी दुसरा कॅचर (तिकडचा विकेटकीपर) जातो, मग सेव्ह न मिळणारा आणि स्ट्राइकआउटही न देणारा रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर), मग खालच्या टीमचा पाचवा स्टार्टर. पहिल्या पाच राउंडमधला बॅटर मेअखेरपर्यंत या यादीत येतच नाही. वेव्हरवर बोली लावायला मिळणारे शंभर डॉलर सप्टेंबरसाठी साठवून ठेवणारे पण काहीजण आहेत, मी अर्ध्याच्या वर मेअखेरपर्यंत उडवतो, कारण तेव्हा मिळालेला माणूस चार महिने खेळतो.

पुण्याच्या मित्रासाठी वेगळं: इथली संध्याकाळी सातची मॅच म्हणजे तुझ्याकडे पहाटे साडेचार, तेव्हा टीम रात्री झोपतानाच लाव, सकाळी उठून फक्त कॅलिफोर्नियाच्या मॅचेस उरतात. रविवारी मात्र इथे दुपारी मॅचेस असतात, तिकडचे रात्रीचे साडेदहा-अकरा, म्हणून रविवारची टीम जेवणाआधी लावून टाकायची.