पावरीचं बटण

गेल्या मे महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाची पोरं एका शिबिराला जाऊन आली. शेवटच्या रात्री पाहुण्या वक्त्यांनी सगळ्यांना मोबाइल हातात घ्यायला लावले आणि जगिक, म्हणजे देवाची नसलेली, गाण्यांची ॲपं तिथल्या तिथे काढून टाकायला सांगितली. पोरांनी काढली. काही रडलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी गाणी परत उठली. (हे वाक्य आमच्या पाळकसाहेबांच्या नजरेस पडलं तर माझं काही खरं नाही.)

त्यानंतरच्या शनिवारी बारावीतला एक पोरगा मागे थांबला. खुर्च्या एकात एक घालता घालता म्हणाला, "खरं सांग दादा, पाप शे का हाई?"

मी म्हटलं, सतरंजी घडी कर आधी. वेळ काढत होतो, दुसरं काय. कारण रविवारी सकाळी ज्या हातांनी मी उपासनेत कीबोर्ड वाजवतो, त्याच हातांनी 2009 ते 2012 असे चार हंगाम लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ बडवलाय.

पेटी मी चर्चमध्येच शिकलो. कोपऱ्यात एक जुनी पायपेटी होती, तिचा एक पायटा तुटलेला. त्यावर बोटं बसली आणि मग साक्रीकडच्या एका बँडवाल्यानं मला उचललं. रात्रीचे 400 रुपये. वैशाखात तारखा दाट असल्या की आज दोंडाईचा, उद्या नवापूर, परवा शिरपूर. हातगाडीवर जनरेटर, पोरींच्या डोक्यावर दिव्यांची झुंबरं, मागे घोड्यावर घामाघूम नवरदेव. आणि खान्देशातल्या वरातीला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे पावरी. खरी पावरी वाळलेल्या भोपळ्याची, बांबूची, पुढे शिंगाचा कर्णा. फुंकणाऱ्याचे गाल दुखून येतात. बँडमध्ये मात्र ती कॅसिओच्या एका बटणात बसलेली असते. ते बटण दाबलं आणि पहिली ओळ वाजवली की ज्या मामांनी संध्याकाळपासून "माझा गुडघा धरलाय" म्हणून खुर्ची सोडली नव्हती, ते सगळ्यांत पुढे.

2010 च्या नाताळात मी शहाणपणा केला. कॅरोलला मधल्या तुकड्यात पावरीचा आवाज लावला. पोरं खूश झाली, बाया हसल्या, मागून कुणीतरी शिट्टीही मारली. तेवढ्यात पुढच्या बाकावरचे एक काका उठले. पंचांपैकी एक, चर्चमध्ये कधी आवाज न चढवणारे. म्हणाले, "हाई चर्च शे, मांडव नही." आणि बाहेर निघून गेले. पुढच्या आठवड्यात पंचांची मीटिंग झाली आणि मला सहा महिने वाजवायचं बंद केलं.

मी एकवीस वर्षांचा होतो. राग कसला आला असेल ते सांगत नाही. पण रागाचा एक फायदा झाला, मी वाचायला लागलो. काकांना गप्प करायचं एवढाच हेतू होता.

पहिला दाखला शास्त्रातच, म्हणजे बायबलातच सापडला. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात वाद्यं वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून युबालाचं नाव येतं, आणि हा युबाल कुणाच्या वंशातला? काइनाच्या. म्हणजे भावाचा खून करणाऱ्याच्या घरातून संगीत आलं आणि तरी दाविदानं वीणा हातात घेतली. प्रेषित पौलानं अथेन्समध्ये ग्रीक कवीची ओळ म्हणून दाखवली, आणि ती कविता तर झ्यूसच्या नावानं सुरू होते. गीतरत्न, म्हणजे बायबलातलं प्रेमगीतांचं पुस्तक, घरी मोठ्यानं वाचून बघा, आई दुसऱ्या खोलीत निघून जाते की नाही.

मग बाहेरचे दाखले. हान्स लिओ हास्लर नावाच्या जर्मन संगीतकारानं 1601 मध्ये एक प्रेमगीत छापलं, एका मुलीपायी मन सैरभैर झालेल्या माणसाचं. तीच चाल पुढे ख्रिस्ताच्या काट्यांचा मुकुट घातलेल्या मस्तकावरच्या गीताला लागली, बाख या थोर जर्मन संगीतकारानं ती ख्रिस्ताच्या दुःखसहनावरच्या आपल्या संगीतात पुन्हा पुन्हा वापरली, आणि आज शुभ शुक्रवारी जगभरची चर्चेस ती डोळे मिटून गातात. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची गाणी लिहिली ती अभंगात नि ओवीत, म्हणजे वारकऱ्यांच्या साच्यात. आज आमच्या मंडळीतल्या आजीबाईंना विचारा, अभंग कुणाचा? म्हणतील, "आपलाच की!" पेटीचं तर काय सांगावं. पॅरिसात 1842 मध्ये पेटंट झालेलं वाद्य, तमाशाच्या फडातही तेच आणि वेदीशेजारीही तेच.

धर्मसुधारक मार्टिन लुथरनं दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून स्तोत्रं केली, हेही मी तेव्हा ठोकून दिलं होतं. ते खोटं निघालं. जर्मन गीतांत 'बार' नावाचा कडव्यांचा एक साचा असतो, त्याचा दारूच्या बारशी काही संबंध नाही. पण एकविसाव्या वर्षी कोण तपासून बघतो!

हे सगळं गाठोडं घेऊन मी काकांच्या ओट्यावर जाऊन बसलो. काका मिरच्यांचे देठ काढत होते. मी तासभर बोललो. त्यांनी सगळं ऐकलं, मधे एकदा पाणी पाजलं, आणि शेवटी एकच वाक्य बोलले. "पावरी ऐकी का माले मना बाप दिखस."

त्यांचे वडील पावरीवाले होते. आमच्या डोंगरपट्टीत मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. रात्र रात्र रिंगण धरून नाचतात आणि मधे पावरी वाजते, तिच्या सुरावर अंगात येतं. वडील त्या रिंगणातले. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांनी पावरी भिंतीवरच्या खुंटीला टांगली आणि मरेपर्यंत तोंडाला लावली नाही. भाऊबंद बोलायचे बंद झाले, रिंगणाला दुसरा पावरीवाला शोधावा लागला. काकांनी लहानपणी ती खुंटीवरची पावरी रोज पाहिली होती. मला जो लग्नातला मजेचा आवाज वाटत होता, तो त्यांच्या लेखी जगिक नव्हताच. ती एक उपासना होती, त्यांच्या बापानं सोडलेली.

माझ्या एकाही दाखल्यात याला उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी एक भेद करायला शिकलो, जो शिबिरातले वक्ते करत नाहीत. प्रेमाचं, पावसाचं, पेरणीचं, टवाळीचं गाणं वेगळं आणि कानबाई देवीचं किंवा डोंगऱ्या देवाचं गाणं वेगळं. दुसरं मी वाजवत नाही. त्या गाण्यांचा तिटकारा आहे म्हणून नव्हे, माझी निम्मी आत्ये-मामे भावंडं तीच गातात. ती त्यांची प्रार्थना आहे. त्यांची प्रार्थना मी चारशे रुपयांत ठेका धरायला वापरावी हे त्यांनाही बरं वाटायचं नाही. राहिलं पहिलं. त्याच्याबद्दल शास्त्र नुसतं 'जगिक' म्हणून हात झटकू देत नाही, ऐकावं लागतं.

आणि ऐकणं तर मला येतच नव्हतं. 2012 च्या हंगामातली शेवटची सुपारी, नवापूरकडची. त्या वर्षी एक दुहेरी अर्थाचं गाणं गाजत होतं, दर वरातीत तीनदा वाजायचं. मी गाडीवरून खाली बघितलं तर आमच्या रविवारच्या शाळेतली अकरा वर्षांची मुलगी, नातलगांच्या लग्नाला आलेली, ते गाणं शब्दन्‌शब्द म्हणत नाचत होती. तिला एकाही शब्दाचा अर्थ कळत नव्हता. मला पहिल्यांदा कळला. चार महिने मी ते वाजवत होतो आणि एकदाही ऐकलं नव्हतं. त्या मुलीला पुढच्या रविवारी मी मालकिणीच्या मोहातून पळून गेलेल्या योसेफाची गोष्ट सांगणार होतो. बँड मी तिथे सोडला. कुणी बंदी घालायला आलं नव्हतं.

म्हणून त्या पोराला मी हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. म्हटलं, पुढच्या शनिवारी तुझं आवडतं गाणं हातानं कागदावर लिहून आण. सगळ्यांनीच आणा. चालीशिवाय, सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. एवढाच नियम.

पहिला शनिवार हसण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी एकानं रॅप आणला. चार ओळी जोरात वाचल्या, पाचव्या ओळीला अडखळला, समोर स्वतःची बहीण बसलेली. "पुढचं तितकं खास नही," म्हणून कागद खिशात घातला. कुणी काही बोललं नाही, गरजच नव्हती. मग एका मुलीनं अहिराणी गाणं वाचलं, लेक सासरी निघते तेव्हाचं. देवाचं नाव त्यात कुठेही नव्हतं. तीन मुली रडल्या, आणि त्यातल्या एकीचं लग्न ठरलेलं होतं हे आम्हाला तिथे कळलं. त्या रात्री आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, ती कुठल्याही स्तोत्रानंतर झाली नसती इतकी मनापासून झाली.

खरी गंमत तिसऱ्या आठवड्यात. एक हुशार पोरगं म्हणालं, आपलीही गाणी वाचू की. आणि एक नवं, सगळीकडे गाजणारं आराधनेचं गीत लिहून आणलं. वाचून झाल्यावर त्यानं मोजलं, 'मी', 'मला', 'माझं' मिळून 23 वेळा. प्रभूचं नाव दोनदा. ते गीत आम्ही दर रविवारी हात वर करून गातो, आणि वाजवणारा मीच. हे मी अजून पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही.

मागे थांबलेल्या त्या पोराचं ॲप अजून मोबाइलमध्ये आहे. यादी मात्र लहान झाली म्हणतो. मी तपासलेली नाही.

यंदा फेब्रुवारीत काकांच्या नातीचं लग्न झालं. हळदीच्या रात्री पोरांनी मला कॅसिओ घेऊन बसवलं. काका आता थकलेत, मांडवाच्या कोपऱ्यात कानटोपी घालून बसले होते. नवरदेवाकडची मंडळी ओरडायला लागली, "पावरी होऊ दे, पावरी!" माझं बोट बटणावर गेलेलं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणाले की नाही ते त्या कानटोपीत कळलं नाही. मी बासरीचा आवाज लावला. वऱ्हाडी कुरकुरले, एकानं तर "पैसा परत दे" म्हणून आरोळी ठोकली. मग दुसऱ्या ओळीला त्यांचेच मामा खुर्ची सोडून पुढे आले, गुडघा धरलेला असूनही.