प्रयोगाला अनुदान, उत्पादनाला कर्ज

वसमत-औंढ्याकडचा एखादा फॅब्रिकेशनवाला कढईऐवजी वाफेवर हळद शिजवणारं, कमी इंधनाचं यंत्र बनवायला घेतो, तेव्हा त्याला पहिला सल्ला मिळतो तो जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन कर्जाची फाईल टाकण्याचा. सल्ला वाईट नाही, पण तो दोन वर्षं लवकर दिलेला असतो. यंत्र अजून दोन-तीनदा मोडून पुन्हा बांधायचं असतं आणि हप्ता मात्र ठरल्या महिन्यापासून सुरू होतो. गावाकडचे कितीतरी चांगले प्रयोग कल्पना फसल्यामुळे बंद पडलेले नाहीत. चुकीच्या टप्प्यावर घेतलेल्या कर्जाने ते बंद पाडलेत.

प्रयोगाच्या टप्प्यासाठी परत न करायचा पैसा आहे. केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेत कृषी उद्योजकतेचा वेगळा भाग आहे. त्यात कल्पनेच्या पातळीवर ५ लाखांपर्यंत आणि कंपनी नोंदवून बाजाराकडे निघालेल्याला २५ लाखांपर्यंत मदत मिळते. पहिल्यात १० टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के वाटा स्वतःचा. अर्ज थेट मंत्रालयात जात नाही. हैदराबादची मॅनेज ही कृषी विस्तार व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था किंवा कृषी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधली इन्क्युबेशन केंद्रं, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणारी केंद्रं, अर्ज मागवतात, दोन महिन्यांचं प्रशिक्षण देतात आणि मग समितीपुढे उभं करतात. दुसरी वाट निधी-प्रयासची. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या या योजनेत प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी, १० लाखांपर्यंत मिळतात. वस्तू मात्र हाताला लागणारी हवी, नुसतं ॲप चालत नाही. शाळा अर्धवट सुटलेल्या, कुठल्याही संस्थेशी संबंध नसलेल्या कारागिरासाठी गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान २००० सालापासून काम करतंय. ते कल्पना तपासतं आणि पात्र वाटली तर पेटंटचा अर्जही कारागिराच्या नावाने करतं.

समितीपुढे अर्ज पडतात ते बहुतेक एकाच कारणाने: आकडे नसतात. 'इंधन कमी लागतं' हे वाक्य कुणी धरत नाही. एकाच शेतातली, एकाच दिवशी काढलेली हळद घ्या. निम्मी कढईत, निम्मी यंत्रात शिजवा. क्विंटलमागे किती किलो लाकूड लागलं, पाणी किती, माणसं किती, शिजायला किती मिनिटं, वाळायला किती दिवस, हे दोन्हीकडचं शेजारीशेजारी लिहा. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत देऊन कुरकुमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) आणि ओलावा तपासून घ्या. अख्ख्या हळदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. हे कमीत कमी तीन वेळा करा. एका वेळेचा आकडा हवामानाचाही असू शकतो. तीन रकान्यांचा हा कागद वीस पानांच्या प्रकल्प अहवालापेक्षा जास्त काम करतो.

वाफेच्या यंत्रात एक धोंड हमखास आडवी येते, ती बॉयलर कायद्याची. पाण्याची क्षमता २५ लिटरपेक्षा कमी असेल किंवा दाब चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा कमी असेल, तर भांडं या कायद्याच्या बाहेर राहतं. दोन्ही मर्यादांच्या वर गेलात की नकाशा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, वेल्डर प्रमाणित लागतो आणि बांधणी चालू असतानाच तपासणी होते. यंत्र पुरं बांधून झाल्यावर बाष्पके संचालनालयाकडे (बॉयलर तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे) गेलं तर ते नोंदवून घेणं जवळपास अशक्य होतं. म्हणून दाब किती ठेवायचा हा निर्णय पहिल्या पत्र्याला कटर लावण्याआधीचा आहे. हळद शिजायला जास्त दाब लागतही नाही; कमी दाबाची पण भरपूर वाफ सगळीकडे सारखी फिरली की काम होतं. दाब कमी ठेवलात तरी सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज यांत काटकसर करू नका. शेजारी माणसं उभी असतात.

पेटंटचा क्रम उलटा करू नका. कृषी प्रदर्शनात यंत्र मांडलं, यूट्यूबवर व्हिडिओ टाकला आणि नंतर अर्ज केला, तर पेटंटला लागणारं नावीन्य संपलेलं असतं. आधी तात्पुरता तपशील (प्रोव्हिजनल अर्ज) दाखल करा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात आणि तेवढ्यात एक हंगाम निघून जातो. शेतीची पद्धत म्हणून मांडलं तर कायद्यात पेटंटच नाही, त्यामुळे दावा यंत्राच्या रचनेवर लिहा.

यंत्र पक्कं झालं, पाच-सहा शेतकऱ्यांनी पैसे मोजून घेतलं, की मग कर्ज. यंत्र बनवणाऱ्यासाठी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आहे: उत्पादनात ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि माजी सैनिक हे विशेष गटात येतात. पण ही योजना नव्या घटकालाच आहे आणि त्याच घटकाने आधी दुसरं सरकारी अनुदान घेतलेलं असेल तर अडवते. वर सांगितलेलं प्रयोगाचं अनुदान कुणाच्या नावावर घेतलं, व्यक्तीच्या की कंपनीच्या, याचा परिणाम इथे होतो. दोन्ही घ्यायचं मनात असेल तर पहिल्या अर्जाआधीच बँकेत विचारून ठेवा.

हेच यंत्र विकत घेऊन हळद पावडर करणाऱ्याला पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, लागू होते: प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख. स्वतःचे किमान १० टक्के, जमिनीची किंमत धरायची नाही. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते आणि तिचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने एक रुपयाही द्यायचा नसतो. लोक फसतात ते अनुदानाच्या हिशोबात. ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेतच वेगळ्या खात्यात राहते आणि तीन वर्षं खातं नियमित व उद्योग चालू असेल तर कर्जात वळती होते. ती आज मिळाली असं धरून खेळतं भांडवल कमी दाखवलं, तर पहिल्याच हंगामात कच्ची हळद घ्यायला पैसा उरत नाही. पीएमईजीपी आणि पीएमएफएमई या दोन्ही योजनांची मंजूर मुदत २०२५-२६पर्यंतची होती, त्यामुळे फाईल बांधण्याआधी योजनेचं पोर्टल बघा.

सरकारकडून एक गोष्ट बदलायला हवी. अनुदानाचे हप्ते आर्थिक वर्षावर चालतात आणि पीक हंगामावर. मराठवाड्यात हळद निघते जानेवारी ते मार्च-एप्रिल. पहिला हप्ता मेमध्ये पडला तर चाचणीला कंदच नसतो आणि अहवालात 'प्रगती नाही' असा शेरा बसतो. तो बदल होईपर्यंत अर्ज पावसाळ्याच्या तोंडी करा, कामाच्या वेळापत्रकात चाचणीचे महिने स्पष्ट लिहा आणि पाचएक क्विंटल हळदीसाठी शेतकऱ्याशी दिवाळीतच बोलून ठेवा.