पोरीला हार्टचं डॉक्टर करायचंय म्हणता

दहावीचा निकाल लागला की लातुरातल्या डॉक्टरांच्या ओपीडीत हा प्रश्न येतोच. परभणी, हिंगोली, कंधार, परळीकडून आईबाप लेकराला क्लासला घालायला आलेले असतात. होस्टेलची खोली बघून झाली, मेसचे पैसे भरून झाले की आलोच आहोत तर म्हणून वडील बीपी दाखवून घेतात. निघताना, दारात चपला घालता घालता विचारतात, "मॅडम, हिला तुमच्यासारखं हार्टचं डॉक्टर करायचंय. काय काय करावं लागंल?" बाहेर नंबर लावून माणसं बसलेली असतात. मी म्हणते, "आधी एमबीबीएस होऊ द्या, मग बघू." उत्तर खरं आहे, पण त्यानं कुणाचं समाधान झालेलं मी अजून पाहिलं नाही. तुमच्या अकरावीतल्या पोरीसाठी तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज जरा निवांत सांगते.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. माझ्या बाबतीत तर दुहेरी घोळ. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, असं धरून चालणारे पेशंट अजूनही येतात. सोनोग्राफीची फाइल टेबलावर ठेवतात, आणि मी हार्टची आहे म्हटलं की 'मोठे डॉक्टर' कुठं बसतात ते विचारतात.

लोकांच्या मनात हार्टचा डॉक्टर म्हणजे अँजिओ करणारा, स्प्रिंग टाकणारा. ते आम्ही करतोच. मनगटातल्या धमनीतून बारीक नळी महाधमनीपर्यंत न्यायची, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या तोंडाशी लावायची, त्यात औषध सोडायचं आणि एक्स-रेच्या पडद्यावर रक्त कुठं अडतंय ते बघायचं, ही झाली अँजिओग्राफी. अडथळा मोठा असेल तर त्याच वाटेनं अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तार पलीकडं काढायची, तारेवरून फुगा न्यायचा, तो फुगवायचा, स्टेंट म्हणजे ती स्प्रिंग बसवायची. झुरिकमध्ये आन्द्रेआस ग्रुन्ट्सिग यांनी १९७७ साली हृदयाच्या धमनीत असा फुगा पहिल्यांदा फुगवला तेव्हा पेशंट जागा होता. आजही जागाच असतो. आमचे काही पेशंट तर टेबलावर पडल्या पडल्या सोयाबीनचा भाव सांगतात.

हात बसायला काही वर्षं लागतात, पण बसतो. अवघड काम त्याच्या आधीचं आहे: कुणाला हे करायचं आणि कुणाला करायचं नाही. त्यासाठी पेशंटला बोलू द्यावं लागतं. छातीत दुखतं म्हणजे नेमकं कसं? रानात जाताना चढावर दुखतं आणि थांबलं की राहतं का? की एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दिवसभर टोचतं? पहिल्या उत्तरावर मी सावध होते, दुसऱ्यावर बहुतेक वेळा निवांत. नुसत्या मशिनवर हे कळत नाही. आराम असताना काढलेली ईसीजीची पट्टी अगदी नॉर्मल येऊनही धमनीत मोठा ब्लॉक असू शकतो. "टूडी इको नॉर्मल आहे, म्हणजे ब्लॉकेज नाही ना?" हे मला रोज विचारलं जातं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीत हृदयाची भिंत, तिचं आकुंचन आणि झडपा दिसतात. धमनीतला अडथळा त्यात सरळ दिसत नाही.

आणि अडथळा दिसला म्हणजे लगेच स्टेंट, असंही नाही. अ‍ॅटॅक चालू असताना धमनी उघडली तर जीव वाचतो, यात शंका नाही. पण ज्याला फक्त चढ चढताना दुखतं आणि बाकी तब्येत स्थिर आहे, अशा पेशंटमध्ये स्टेंटनं दुखणं कमी होतं, पुढचा अ‍ॅटॅक किंवा मृत्यू गोळ्यांपेक्षा जास्त टळतो असं दिसत नाही. २००७ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी हे दाखवलं. आता हे नातेवाइकांना समजावून बघा. मुलगा पुण्याहून रजा काढून आलेला असतो, "पैशाचं बघू नका मॅडम, टाकून द्या." नको म्हणायला टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळेचं बिल करता येत नाही. २०१७ साली सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. त्याआधी एकेका स्टेंटला लाखाच्या वर मोजलेले लोक आहेत. किंमत उतरली हे चांगलंच झालं, पण स्वस्त झालं म्हणून टाकून घ्यावं, अशी ही वस्तू नाही.

खरा अ‍ॅटॅक आला की सगळं गणित वेळेचं. हृदयाचा स्नायू रक्ताविना मरत असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. अहमदपूर, उदगीर, निलंग्याचा पेशंट लातूरला येतो, किनवट-माहूरचा नांदेडला, आष्टीचा नगरला. रस्त्यात किती वेळ जाईल ते इथून सांगता येत नाही. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरानं पहिली पट्टी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच द्यावं, मग पेशंट पाठवावा, हेच बहुतेक वेळा शहाणपणाचं. रात्री दोनला माझ्या फोनवर पट्टीचा फोटो येतो, खाली "मॅडम, देऊ का?" मी बघते, दोन प्रश्न विचारते, अलीकडं पक्षाघात झालाय का, कुठं रक्तस्राव आहे का, आणि लिहिते, "द्या." त्या रात्री जीव मी वाचवत नाही, तो तिकडचा एमबीबीएस झालेला पोरगा वाचवतो. मी सकाळी धमनी तपासते आणि पेपरात नाव छापायचं असलं तर माझं छापतात! हे तुमच्या पोरीला आत्ताच सांगून ठेवा: हार्टचं डॉक्टर न होताही हार्टचे पेशंट वाचवता येतात. उशीर होतो तो बहुतेक वेळा आमच्याकडं नाही, घरी होतो. गॅस समजून सोडा पिऊन झोपलेले, सकाळपर्यंत बघू म्हटलेले. बायका आणि शुगरवाले तर पुष्कळदा छातीत दुखतंय असं म्हणतच नाहीत, घाम आला, उलटी झाली, जीव घाबरा झाला एवढंच सांगतात.

आता एक काम सांगते ज्याबद्दल मला कुणीच विचारत नाही, आणि ज्यासाठी मी परत मराठवाड्यात आले. बीड, धारूर, वडवणीकडच्या ऊसतोड घरांतल्या पंचवीस-तीस वर्षांच्या बाया. लहानपणी घसा धरला, ताप आला, सांधे सुजले, आपोआप उतरलं म्हणून सोडून दिलेलं. ते घशातल्या एका जंतूचं दुखणं असतं. त्या जंतूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं. पुढं वर्षानुवर्षं झडप आखडत जाते आणि बाईला पत्ता नसतो. मग दिवस राहतात. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते अरुंद झालेल्या झडपेतून पुढं जात नाही, फुप्फुसात तुंबतं. आडवं पडलं की दम लागतो म्हणून रात्रभर बसून काढलेली बाई सकाळी माझ्यासमोर येते, आणि बरोबरची सासू सांगते, "पहिलटकरीण हाय, तसं होतंच."

यावर उपाय आहेत. आखडलेली झडप अजून मऊ असेल तर फुग्यानं उघडता येते, टाका न घालता. खराब झाली असेल तर सर्जन ती बदलतात. पण उपायाचा मोठा भाग कंटाळवाणा आहे: पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि ती जास्त-कमी होतेय का बघायला वारंवार रक्ततपासणी. आणि दिवाळीच्या सुमाराला टोळी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडं, नाही तर कर्नाटकात निघते, परत येते उन्हाळ्याच्या तोंडावर. मधे इंजेक्शन कोण देणार? गोळी संपली तर कुठं विचारणार? म्हणून मुकादमाचा फोन नंबर मी फाइलवर लिहून घेते आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या नावे मराठीत चिठ्ठी देते, इंजेक्शनच्या तारखांसकट. ज्या चिठ्ठ्या मार्चमध्ये तारखांपुढं सह्या होऊन परत येतात, त्या मी ठेवून देते. डीएमच्या, म्हणजे हार्टचं डॉक्टर व्हायच्या शेवटच्या परीक्षेत यावर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

बरं, आता वाट. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. मग नीट: १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. लातूरच्या आईबापांना यातलं मी काय सांगणार, तुम्हीच मला शिकवाल. एमबीबीएस साडेचार वर्षं, आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. मग पुन्हा प्रवेश परीक्षा, नीट पीजी, आणि एमडी जनरल मेडिसिन तीन वर्षं. मग तिसरी, नीट सुपर स्पेशालिटी, आणि डीएम कार्डिऑलॉजी तीन वर्षं. डीएमच्या तोडीची डीआरएनबी म्हणून दुसरी वाट आहे, ती मोठ्या खासगी रुग्णालयांतूनही होते. लहान मुलांचं हृदय बघायचं असेल तर मेडिसिनऐवजी एमडी बालरोग करूनही डीएमला जाता येतं. कुठंही न अडता गेलं तरी तिशी गाठते. सरकारी जागेवर शिकलं तर प्रत्येक टप्प्यानंतर एका वर्षाची सेवा बॉण्डमध्ये असते, आणि नीट पीजी पहिल्या खेपेला मनासारखी लागली असं फार थोड्यांचं होतं. बत्तीस-तेहतीस धरून चला. तोवर तिच्याबरोबरचा इंजिनिअर झालेला मामेभाऊ फ्लॅटचे हप्ते फेडत असतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

ऑपरेशन करणारे वेगळे, हे पण पुष्कळांना ठाऊक नसतं. बायपास करतात ते हृदयशल्यचिकित्सक: एमएस जनरल सर्जरी, मग एमसीएच. छाती उघडतात ते, तारेनं जातो ते आम्ही. आणि ज्याला एवढी वर्षं नकोत पण हृदयाच्या कामात राहायचंय, त्याला कॅथलॅब, म्हणजे अँजिओ करायच्या खोलीतला टेक्निशियन होता येतं, किंवा ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणारं मशिन चालवणारा परफ्युजनिस्ट. मार्क कमी पडले की पोराला घरात तोंड लपवायला लावणाऱ्या बापांनी ही वाट जरूर बघावी.

जागेचं म्हणाल तर आमच्या वेळेपेक्षा बरं आहे. आपल्याकडं महाविद्यालयं कमी, आणि राज्यात ७०:३० असा विभागवार कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या मुलांना. जिथं महाविद्यालयंच थोडी, तिथल्या मुलांना तो जाच होता. २०२० साली तो रद्द झाला. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी सरकारी महाविद्यालयं होतीच. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीतही झाली. म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत एक तरी आहे.

मी एमडी अंबाजोगाईला केलं, डीएम मुंबईला. मुंबईत तार फिरवायला शिकले. पण पेशंटला हात लावून, छाती ऐकून, निदान करायला शिकले ते अंबाजोगाईच्या वॉर्डात. तिथं एका रात्रीत साप चावलेला, कीटकनाशक प्यायलेला, शुगरनं बेशुद्ध झालेला आणि हार्ट फेल झालेला, असे सगळे शेजारी शेजारी असायचे. हृदय एकटं आजारी पडत नाही, किडनी, शुगर, फुप्फुस सगळं ओढत येतं. एमडीची तीन वर्षं ढकलून काढली तर पुढं नुसता चांगला कारागीर होतो. म्हणून सतराव्या वर्षी 'हार्टच' म्हणून हट्ट धरू नये असं मला वाटतं. माझ्या बॅचमधली एक जण हार्टच म्हणून आली आणि आज ती मनोविकारतज्ज्ञ आहे, आनंदात आहे.

दबक्या आवाजात आणखी एक विचारतात, बहुधा आईच विचारते: "मुलीच्या जातीला झेपतं का?" झेपतं. कॅथलॅबमध्ये एक्स-रे असतो म्हणून अंगावर शिशाचा जड एप्रन घालून तासन्‌तास उभं राहावं लागतं, पाठ धरते, ती पुरुषांचीही धरते. पोटात बाळ असताना किरणांची मोजणी ठेवून काम करावं लागतं, काही जणी ते महिने कॅथलॅबबाहेर इकोचं काम घेतात. डीएमची वर्षं आणि मूल होण्याची वर्षं नेमकी एकावर एक येतात, ही अडचण खरी आहे आणि ती पोरीच्या जिद्दीनं सुटत नाही. त्यासाठी घरातल्यांनी स्वयंपाकघर आणि लेकरू सांभाळावं लागतं. माझ्या सासूबाईंनी सांभाळलं. तेव्हा पोरीला झेपतं का, हे मला विचारण्याआधी होणाऱ्या व्याह्यांना विचारा.

आता तुमची पोरगी अकरावीत आहे आणि बायोलॉजी पक्कं, फिजिक्स कच्चं म्हणता. फिजिक्स सोडू देऊ नका. महाधमनीची झडप किती आखडली हे इकोत कळतं ते तिथून जाणाऱ्या रक्ताच्या वेगावरून. वेगाचा वर्ग करायचा आणि चारनं गुणायचं, झडपेच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक मिळतो. सेकंदाला ४ मीटर वेग असेल तर फरक बीपीच्या मापात ६४, म्हणजे झडप चांगलीच आखडलेली. हे बर्नुलीचं समीकरण तिच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे, आणि मी ते आज सकाळी ओपीडीत तीन पेशंटना वापरलं.