ग्रामोफोनच्या कर्ण्याचा तुटलेला कान

कर्णा असलेल्या जुन्या ग्रामोफोनमध्ये सर्वांत आधी काय मोडते, असे विचारले तर बहुतेक जण स्प्रिंगचे नाव घेतील. मामांकडून माझ्याकडे आलेल्या यंत्राची स्प्रिंग मात्र ठणठणीत होती. मोडला होता तो एल्बो, म्हणजे साउंडबॉक्सकडून (सुई बसवलेल्या, आवाज निर्माण करणाऱ्या डबीकडून) येणारा आवाज वर वळवून कर्ण्यात सोडणारी वाकडी नळी. या नळीच्या वरच्या तोंडाला एक रुंद कडे असते, त्यात कर्ण्याचा गळा बसतो आणि कड्यावरच्या जाडसर कानातून एक चपटा स्क्रू हाताने पिळून तो गळा आवळला जातो. हा कान कड्याच्या बोटभर तुकड्यासकट निघून आला होता.

तो तिथेच का तुटला, हे कर्णा हातात धरल्यावर समजते. कर्ण्याचे तोंड दीड फुटाहून मोठे, पत्र्याच्या पाकळ्यांचे आणि गळ्यापासून बरेच पुढे आलेले असते, त्यामुळे तोंडाला बसलेला लहानसा धक्काही तरफेच्या नियमाने कितीतरी पटींनी वाढून त्या कानावर येतो. त्यातच यंत्र हलवताना पेटीऐवजी कर्ण्यालाच धरून उचलण्याची आपल्याकडे सार्वत्रिक सवय आहे.

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी धातू ओळखणे भाग होते. वरून निकेलचा मुलामा असल्यामुळे घरातल्या सर्वांनी तो एल्बो पितळेचा ठरवून टाकला होता. पण तुटलेल्या कडेवर पिवळेपणा औषधालाही नव्हता. तिथला पृष्ठभाग करडा, भरड आणि खडीसाखरेसारखा कणीदार दिसत होता. लोहचुंबक चिकटला नाही, तेव्हा बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नव्हे. वजनाला जड होता, तेव्हा ॲल्युमिनियमही नव्हे. कानस आतल्या न दिसणाऱ्या बाजूला हलकेच फिरवली तर धातू मऊपणे निघाला, आणि तिथे सौम्य ॲसिडचा थेंब सोडताच बुडबुडे फसफसले, जे पितळेवर होत नाही. एल्बो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव होता.

ही ओळख पटल्यामुळे दुरुस्तीचे निम्मे मार्ग बंद झाले. शुद्ध जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते आणि त्याचे ओतकामाचे मिश्रधातू त्याही आधी, तर पितळी किंवा चांदीच्या सळईने जोडकाम करायला सहाशे अंशांच्या पुढे जावे लागते. लोखंड तापले की लाल होऊन सूचना देते. जस्त रंग न बदलता एका क्षणात खाली बसते. शिवाय त्या काळच्या ओतीव जस्ताला एक रोगच असे. धातूत शिशाचा थोडा जरी अंश राहिला, तरी दमट हवेत कणांच्या सीमा आतून कुरतडल्या जातात, वस्तू फुगते, तिला बारीक भेगांचे जाळे पडते आणि शेवटी तिचा भुगा होतो. ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून यावर उपाय निघाला आणि १९२९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने झामक नावाचे मिश्रधातू बाजारात आणले. माझे यंत्र मात्र त्याच्या आधीचे. म्हणून भिंग घेऊन सगळा एल्बो तपासला. खालच्या वळणावर एक केसभर भेग सापडली, बाकी अंग शाबूत होते. अंगभर जाळे दिसले असते, तर जुना एल्बो कपाटात ठेवून नवा ओतून घेण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

तरीही पुण्यात राहून तांबट आळीत विचारायचे नाही, हे मनाला पटेना. कसब्यातल्या त्या आळीत मठारकामाचे ठोके अजून ऐकू येतात, आणि डाख देण्यात, म्हणजे कथलासारखा धातू वितळवून सांधे जोडण्यात, ज्यांचा हात धरणारे कोणी नाही अशी माणसे तिथे आहेत. एका वयस्कर कारागिरांनी तुकडा नखाने खरवडला, तळहातावर जोखला आणि म्हणाले, “साहेब, तुमचा कर्णा आणा, पाकळ्यांचा डाख सुटला असेल तर आत्ता झाळून देतो. पण याला मी आग लावणार नाही, आणि दुसरा कोणी लावतो म्हणाला तर त्याच्याकडे देऊ नका.” मी न सांगता त्यांनी धातू ओळखला होता. कर्ण्याच्या दोन पाकळ्यांमधली उकललेली शिवण त्यांनी नवसागर लावून, कथलाचा डाख देऊन बेमालूम जुळवून दिली.

मुंबईच्या चोर बाजारात नवे पितळी एल्बो मिळतात, पण ते बहुतेक नव्याने जुळवलेल्या दिखाऊ ग्रामोफोनसाठी असतात, ज्यांत सुटकेसच्या आकाराच्या जुन्या यंत्राची मोटर नव्या पेटीत घालून वर चकचकीत कर्णा बसवलेला असतो. त्यांची मापे माझ्या यंत्राशी जुळत नव्हती, आणि जुळती तरी मी ते घेतले नसते.

राहिला मार्ग चिकटवण्याचा. मात्र नुसत्या अराल्डाइटवर कान चिकटवून पुन्हा त्याच कानात स्क्रू पिळणे म्हणजे तोच तुकडा पुन्हा तोडण्याची व्यवस्था करणे. म्हणून असे ठरवले, की तुकडा केवळ आकार पूर्ण करण्यासाठी जागेवर बसवायचा आणि आवळण्याचा ताण नव्या पितळी बांगडीवर घ्यायचा. बांगडी आतून बसवली असती तर ती दिसली नसती, पण आवाजाची वाट साउंडबॉक्सपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत सावकाश रुंदावत जावी लागते. मध्येच अरुंद पायरी आली की आवाज अडतो. बांगडी बाहेरून बसवायची, म्हणजे जुना कान कड्याच्या रेषेत घासून टाकणे आले. जुन्या वस्तूवर कानस चालवणे मला आवडत नाही. इथे दुसरा उपाय नव्हता.

लेथवर पितळेच्या नळीतून दोन मिलिमीटर जाडीची बांगडी कातून घेणे सोपे गेले. अडचण आली ती आट्यांची. जुना स्क्रू आटे मोजण्याच्या पट्टीवर धरला, तेव्हा तो जुन्या ब्रिटिश पद्धतीचा, दोन नंबरचा बीए निघाला: व्यास ४.७ मिलिमीटर, आट्यांमधले अंतर ०.८१. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पाच मिलिमीटरच्या स्क्रूचे अंतर ०.८ असते, म्हणजे नजरेला दोन्ही सारखेच. लेथवाले दादा म्हणाले, “पाचचा टॅप मारतो, बसतोय की!” बसला असता, पण त्या भोकात मूळ स्क्रू सैल पडून डुगडुगत राहिला असता. बीएचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचे हत्यार, मिळवण्यात बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ गेला. आटे पाडण्यापूर्वी त्या जागी बांगडीला पितळेचा छोटा ठोकळा चांदीच्या डाखाने जोडून घेतला, कारण दोन मिलिमीटर जाडीत जेमतेम अडीच आटे बसतात आणि तेवढ्यावर स्क्रू धरत नाही.

निकेलचा मुलामा बांगडीला सुटी असतानाच देऊन घेतला. मुलाम्याच्या आधी वस्तू ॲसिडमध्ये बुडवतात, आणि त्यात जस्त गेले तर ते विरघळू लागते. नवे निकेल फारच चमकत होते. बारीक स्टील वूलने घासून त्याची चमक जुन्याच्या जवळ आणली.

जोडणीत तुटलेल्या दोन्ही कडांमध्ये हातड्रिलने समोरासमोर बारीक भोके पाडून एक मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेच्या खिट्या घातल्या. जस्त भोक पाडताना कडेने फुटते, त्यामुळे हे काम दम धरून करावे लागते. सगळे असिटोनने पुसले, सावकाश घट्ट होणारे अराल्डाइट लावले, रबर बँडने आवळून ठेवले. दुसऱ्या दिवशी कान घासून टाकला, बांगडीच्या आत आणि कड्याच्या बाहेर पातळ थर देऊन बांगडी सरकवली आणि ती पुरती घट्ट होईपर्यंत एल्बोला हात लावला नाही.

बालगंधर्वांची एक तबकडी लावून पाहिली, तेव्हा वरच्या सुरांना गळ्यापाशी झणझण ऐकू आली. गळा आणि कडे यांच्यामध्ये कागदाएवढी फट होती. तिथे पातळ चामड्याची पट्टी गुंडाळल्यावर झणझण थांबली आणि खर्जही थोडा भरून आला, कारण त्या फटीतून हवा निसटत होती. स्क्रू आता चिमटीने जेमतेम आवळतो. चामडे असल्यामुळे जास्त पिळावा लागत नाही. यंत्र हलवायचे झाले तर आधी कर्णा उतरवतो. खालच्या वळणावरच्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खुणा करून ठेवल्या आहेत; दर पावसाळ्यानंतर भिंग लावून पाहतो, आणि भेग खुणेच्या पुढे सरकलेली दिसली तर याच एल्बोचा साचा घेऊन पितळेचा ओतून घ्यायचा, हे ओतकामवाल्यांशी बोलून ठेवले आहे.